कुकरमधलं वाचनालय

आमच्या बेळगावात त्या इमारतीला कुणी वाचनालय म्हणत नाही, कुकर म्हणतात. रिक्षावाल्याला "कुकरला सोड" म्हटलं की पुढचा पत्ता विचारत नाही. गोल भिंत, वर घुमट आणि घुमटाच्या टोकाला उजेडासाठी काचेची टोपी. लांबून ती थेट शिट्टीच वाटते.

आमच्या ह्यांना ती इमारत बघवत नाही. वाचनालय म्हणजे कौलं, लाकडी जिना आणि उभ्यानं पेपर वाचायची उतरती मेजं, असं त्यांचं ठाम मत. ज्या गावात 1848 पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तिथल्या माणसाचं असंच होणार. सिव्हिलला शिकणारा भाचा मात्र तिच्यावर लट्टू. शेवटी गेल्या शनिवारी दुपारी त्याच्याबरोबर गेले.

"मावशी, गोल वाचनखोली काय नवीन नव्हे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली 1857 ची हाय की. मधे ग्रंथपाल, भोवती वाचक."

इथंही काउंटर मधोमध. तिथल्या अक्कांना बसल्या जागी सगळे दिसतात. सव्वीस वर्षं मी शाळेचं ग्रंथालय सांभाळलं, त्यामुळे मला ते आवडलं. खुर्च्या चांगल्या, पाणी थंड, संडास स्वच्छ. पण सरळ रॅक गोल भिंतीला लागणार कसे? प्रत्येक रॅकमागं तिकोनी फट राहिलीय. एका फटीत केरसुणी, दुसरीत बादली.

आवाजाची तऱ्हा तर विचारू नका. पलीकडच्या टोकाला दोन पोरं एफडीएच्या, म्हणजे सरकारी कारकुनीच्या परीक्षेच्या, कटऑफवर कुजबुजत होती, ते मला कानाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय ऐकू नाही आलं बाई." शाळेच्या सहलीत विजापूरच्या गोलघुमटाला गेलेल्यांना हे नवीन नाही, गोल भिंतीला लागून आवाज तसाच सरकत जातो. पण गोलघुमट बांधला तो बादशहाच्या कबरीवर. तिथं कुणाला परीक्षेचा अभ्यास करायचा नव्हता.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. नाही चाललं ते पश्चिमेचं ऊन.

तीन वाजले आणि त्या बाजूच्या उंच काचांतून ऊन सरळ रॅकवर आलं. रॅकवर वर्गवारीचा आकडा 891.46, म्हणजे मराठी साहित्य. शेजारी 894.814, म्हणजे कन्नड. ऊन दोघांनाही सारखंच! एक कादंबरी ओढून काढली. पुठ्ठा डाळिंबी, पाठ मात्र भाताच्या पेंढ्यासारखी. शेजारचं पुस्तक बुटकं, म्हणून पुठ्ठ्यावरही वरची दोन बोटं पट्टी विटलेली. खाली सावलीत राहिलेला रंग जसाच्या तसा. नुसता रंगच जात नाही. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं, ते उन्हानं पिवळं पडतं आणि कागद पापडासारखा मोडायला लागतो. इमारत अजून दोन वर्षांची नाही.

काउंटरवरच्या अक्कांना दाखवलं. त्या बिचाऱ्या काय करणार? "मेले हेळबेकु री," म्हणजे वर सांगायला हवं, असं म्हणाल्या आणि बोट वर केलं. वर घुमटच होता.

भाच्याला म्हटलं, "हे तुझ्या पुस्तकात शिकवत नाहीत काय रे?" त्यानं काचा पावलांनी मोजल्या. म्हणाला, बाहेरून उभ्या पट्ट्या लावल्या तर दुपारचं तिरपं ऊन बरंच अडेल, उजेडही राहील. मग हळूच, "पण मावशी, शेप बिघडेल गे." मी नुसतं बघितलं त्याच्याकडं.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "शिजलं काय कुकरात?" मी म्हटलं, पुस्तकं शिजायलीत.

तर पाचपैकी तीन. साधे खादीचे पडदे लावले तरी चार देईन. जाणार असाल तर सकाळी जा, पूर्वेकडचं टेबल धरा आणि भडंगाची पुडी आत नेऊ नका. अख्ख्या गोलाला ऐकू जाते.