दहा मीटरचं इलेक्ट्रॉनिक टार्गेट: आवाजाचं की प्रकाशाचं?

दहा मीटरवरच्या एअर रायफल नेमबाजीत गुणाचा एक दशांश म्हणजे मध्यापासूनच्या अंतरात 0.25 मिमीचा फरक. छर्रा 4.5 मिमीचा. एवढं बारीक अंतर यंत्र कसं मोजतं, यावरच निवड ठरते.

आवाजाच्या टार्गेटमध्ये छर्रा कागदाची पट्टी फोडतो आणि तो आवाज मायक्रोफोनपर्यंत किती वेळात पोचतो त्यावरून जागा काढतात. ध्वनी सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो, म्हणून 1 मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जवळजवळ 0.35 मिमी. तापमान 10 अंशांनी बदललं की वेग 1.7 टक्क्यांनी बदलतो. सेन्सर ते टिपत नसेल, तर मध्यावरच्या छर्‍याला फारसा धक्का लागत नाही, पण 20 मिमी बाहेरचा पडद्यावर 0.3 मिमीहून अधिक सरकलेला दिसतो. मुंबईत दोष दमट हवेला देतात. वेगावर तिचा परिणाम अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतो. खरा त्रास सादळलेल्या पट्टीचा. ती अडकून पुढे सरकली नाही, की छर्रा जुन्याच भोकातून जातो, आवाज होत नाही आणि पडद्यावर शून्य दिसतं.

प्रकाशाच्या टार्गेटमध्ये चौकटीतल्या इन्फ्रारेड किरणांवर छर्‍याची सावली पडते. तिच्या दोन्ही कडांवरून मध्य मिळतो. तापमानाची भानगड नाही. मात्र शिशाची धूळ काचेवर बसली की काही किरण आंधळे होतात. ओल्या, न झडणार्‍या कापडाने पुसा. फुंकू नका, शिसं नाकात जातं.

मुंबईच्या पावसाळ्यासाठी आम्ही प्रकाशाचंच घेऊ. मागे कागद लावून दहा छर्रे मारा, भोकं पडद्याशी ताडून पाहा.