मुंबईवरची चार पुस्तकं, बऱ्याच हातांतून फिरून आल्यावर

गेल्या पावसाळ्यात मुंबईवरची चार मराठी पुस्तकं घेतली. आधी घरात वाचून झाली, मग ऑफिस, नातेवाईक आणि बिल्डिंग असा त्यांचा प्रवास सुरू झाला. साहित्यिक मोल वगैरे समीक्षकांनी सांगितलेलंच आहे. मी लिहितोय ते माणसं काय म्हणाली याबद्दल. मुंबईचं पुस्तक हातात पडलं की माणूस आधी त्यात आपला एरिया शोधतो. सापडला तर लेखक जाणकार, नाही सापडला तर पुस्तक एकांगी!

सगळ्यात जास्त वापर झाला गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’चा. पुस्तक 1863 सालचं. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावून तेव्हा दहाच वर्षं झाली होती, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात धो धो येत होता आणि कोटाच्या (म्हणजे आताच्या फोर्ट भागातल्या जुन्या किल्ल्याच्या) भिंती पाडायचं काम त्याच सुमाराचं. म्हणजे जुनी मुंबई मोडायच्या बेताला माडगावकरांनी ती लिहून ठेवली. भाषा जुन्या वळणाची आहे, सुरुवातीला अडखळायला होतं. सलग वाचायच्या भानगडीत पडू नका. एखादं प्रकरण वाचावं आणि रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना तिथे जाऊन यावं.

आम्ही कोटाच्या दरवाज्यांपासून सुरुवात केली. चर्चगेटला उतरलो आणि बरोबरच्या दोघांनी गेट स्टेशनच्या आसपासच असणार असं गृहीत धरलं. प्रत्यक्षात पूर्वेकडे चालत फ्लोरा फाउंटनपर्यंत जावं लागतं, दरवाजा तिथे होता. त्यातला एक गेली कित्येक वर्षं रोज त्या कारंज्याला वळसा घालून ऑफिसला जातो. तो तिथेच उभा राहून बायकोला फोन करून सांगायला लागला.

गिरगावात जन्म काढलेल्या मामाने पुस्तक पेन्सिल घेऊन वाचलं, परीक्षेचे पेपर तपासावेत तसं. शेवटी म्हणाला, “मूळचा मडगावचा माणूस, पण गिरगाव बघितलंय त्याने नीट.” मामाकडून ही फार मोठी पावती आहे. ऑफिसातल्या मुलुंडच्या बाई मात्र नाराज. “अहो, आमचं नावच नाही कुठे!” कसं असणार? मुलुंड तेव्हा साष्टीतलं गाव, ते बृहन्मुंबईत आलं 1957 साली. हे सांगून त्यांचं समाधान झालं नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. एवढी माणसं मुलुंड, बोरिवली, दहिसरला राहतात, पण मुंबईचं पुस्तक म्हटलं की गाडी बहुतेक वेळा माहीम-शीवच्या अलीकडेच थांबते.

नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ (1966) तळमजल्यावरच्या काकांना दिलं. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. दोन दिवसांत परत आणून दिलं. “चांगलं आहे रे, पण हे संपाच्या आधीचं. तेव्हा भोंगा वाजत होता.” 1982 च्या गिरणी संपानंतरचं काही आहे का, असं त्यांनी विचारलं. कवितांबद्दल त्याहून जास्त बोलले नाहीत. मीही खोदून विचारलं नाही.

भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’बद्दल सगळ्यांना उत्सुकता होती, कारण 1965 मध्ये ते आलं तेव्हा अश्लील म्हणून केवढा गदारोळ झाला होता आणि आचार्य अत्रे त्यात आघाडीवर होते. आईने थोडी पानं वाचून पुस्तक उपडं ठेवलं ते ठेवलंच. टीममधली नवीन मुलगी म्हणाली, “एवढंच? विरार फास्टमध्ये याहून जास्त ऐकते मी.” माझं म्हणाल तर शिव्यांपेक्षा त्यातल्या नाक्यावरच्या पोरांचं रिकामपण अंगावर येतं, आणि ते आजच्या कुठल्याही नाक्यावर जसंच्या तसं आहे.

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (1972), कामाठीपुऱ्याजवळच्या वेश्यावस्तीवरचा कवितासंग्रह, ज्याने ज्याने नेला त्याने अर्धवट वाचून परत केला. त्याला तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. माझं ऐकाल तर आधी कविता वाचा, मग प्रस्तावना. आधी तीच वाचली की आपण तेंडुलकरांचा हात धरून त्या वस्तीत शिरतो आणि पाहुण्यासारखे परत येतो.

एकच घ्यायचं तर माडगावकर घ्या, पण घरी ठेवा. लोकलच्या गर्दीत उघडायचं पुस्तक नव्हे ते. ‘वासूनाका’ उसनं देणार असाल तर दोन प्रती घ्या. माझी ऑफिसातल्या अकाउंट्समध्ये कुणाकडे तरी आहे आणि कुणीच कबूल होत नाही.