स्पोर्ट्स कार बनवून देतो म्हणाला आणि मामांची हेराल्ड खाऊन बसला

4,98,500 रुपये. घरी मी हा आकडा साडेतीन लाख सांगितला होता, खरा इथं पहिल्यांदाच लिहितोय. आता घरच्यांना कळेल तर कळू दे. जुनी गाडी नवी करून देतो, कस्टम बॉडी ठोकून देतो म्हणणारे हायवेला जागोजागी उगवलेत. ॲडव्हान्स घ्यायचा, फोटो पाठवत राहायचं आणि मग फोन उचलायचा नाही, हा त्यांचा धंदा तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होता. तरी पैसे गेले. ते कसे गेले, तेवढं वाचा.

गाडी मामांची. 1967 ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची, मद्रासला बनलेली. मामा गेल्यावर ती आमच्या शेडमध्ये ठिबकच्या नळ्यांशेजारी उभी होती. लोक हसतात म्हणून आधीच सांगतो, माझ्या डोक्यातली कल्पना वेडगळ नव्हती. हेराल्डला स्वतंत्र चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टनं बसवलेली असते. ही गाडी मुळात ट्रायम्फ कंपनीनं 1959 साली इंग्लंडात काढली, डिझाइन इटलीच्या मिशेलॉत्तीचं. त्याच कंपनीनं 1962 मध्ये त्याच घराण्यातली चासी आखूड करून स्पिटफायर ही उघडी दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली. म्हणजे हेराल्डवर स्पिटफायरसारखी बॉडी उभी करणं हे काही केळीच्या झाडाला आंबे लावणं नाही. 'केळीवाल्याला स्पोर्ट्स कार कशाला' म्हणणाऱ्या पाहुण्यांना एवढंच सांगतो की तुमच्या लग्नातल्या डीजेचा हिशोब मी कधी विचारला नाही.

तो मला भेटला ओळखीतून. नाव लिहीत नाही, वकिलांनी मना केलंय. गॅरेज जिल्ह्याबाहेर, हायवेपासून थोडं आत. माणूस बोलायला गोड आणि, हे महत्त्वाचं, माहितगार. हेराल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साडेएक्क्याण्णव इंच, स्पिटफायरचा त्र्याऐंशी, म्हणजे साडेआठ इंच काढावे लागतील, हे त्यानं टेप न लावता सांगितलं. इंजिन 948 सीसीचं, ते रिबोअर करू, वर दोन एसयू कार्ब्युरेटर चढवू. 20 गेजचा पत्रा, सगळं हातानं ठोकून. सांगा, अशा माणसावर तुम्ही काय म्हणून संशय घेतला असता?

मग म्हणाला, "भाऊ, 18 टक्के जीएसटी उगाच कशाला भरता? बिल नको." माझ्या हातातला कागद तिथंच गेला. बिल घ्या. टक्के भरा, पण बिल घ्या.

पैसे असे गेले. ऑगस्ट 2024 मध्ये रोख 75,000, वहीच्या फाडलेल्या पानावर 'मिळाले' एवढंच लिहून. मग पत्रा आणि चासीकामाचे 1,40,000. मग इंग्लंडहून यायच्या मालाचे 1,85,000. त्यात कार्ब्युरेटर, तारेची चाकं, समोरची काच आणि हुडाची, म्हणजे कापडी छपराची, फ्रेम. मग त्या मालावरची ड्यूटी म्हणून 38,500. शेवटी रंगाचे 60,000. पहिले सोडले तर सगळे बँकेतून दिले, पण त्याच्या खात्यावर नाहीत. त्याच्या मेहुण्याच्या कसल्या तरी 'ट्रेडर्स'च्या खात्यावर. "माझं खातं लिमिटला आलंय" म्हणे. ज्याच्या हातात गाडी देताय त्याच्याच नावावर पैसे टाका. दुसरं नाव पुढं आलं की तिथूनच गाडी परत वळवा.

ड्यूटीचं वेगळं सांगतो, कारण यात भलेभले फसतात. परदेशातून माल खरंच आला तर कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर असतो आणि कस्टमची बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे माल देशात आल्याची नोंद, असते. ड्यूटी त्या कागदावर भरली जाते, कोणाच्या मेहुण्याला नाही. मी कागद मागितला तर "पार्सल मुंबईला अडकलंय, सुटल्यावर देतो" म्हणाला. पार्सल बहुतेक अजून मुंबईलाच आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. फोन केला की तो आधी बागेची चौकशी करायचा. "बऱ्हाणपूरला केळीला काय भाव चाललाय? तुमचा माल कधी कापणार?" मला वाटायचं, शेतकऱ्याची किंमत कळणारा माणूस आहे. केळीची गाडी भरून गेली की त्याच आठवड्यात याची मागणी यायची. व्यापाऱ्याचे पैसे माझ्या खात्यात कधी पडतात हे माझ्या बायकोपेक्षा त्याला जास्त पाठ होतं.

आता त्या फोटोकडे येतो. रात्री अजून झोप उडते ती त्याच्यामुळे.

दिवाळीनंतर त्यानं चासीचा फोटो पाठवला. लाल प्रायमर मारलेली, लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवलेली, चकाचक. मी तो मोठा करून करून बघितला. हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या पट्ट्या असतात, आउटरिगर म्हणतात त्यांना, बॉडी त्यांच्यावर टेकते. फोटोत त्या नव्हत्या. मी लगेच विचारलं. मी गप्प बसलो असं कोणी म्हणू नये. त्याचं उत्तर तयार होतं: "स्पिटफायरला बाजूच्या पट्ट्या नसतातच भाऊ, तिथं सिल, म्हणजे दाराखालच्या पट्ट्याच, भार घेतात. स्पिटफायरच करतोय ना आपण?" आणि हे उत्तर बरोबर होतं! स्पिटफायरची चासी खरंच तशी असते. लबाडी खोट्या माहितीवर चालली असती तर मी पकडली असती, मला गाडी कळते. ही खऱ्या माहितीवर चालली.

पण त्याच फोटोत उजव्या कोपऱ्यात भिंतीवर विजेचा सॉकेट होता. पांढरा, दोन जोड्यांचा. त्याची भोकं चौकोनी. तीनही चौकोनी, आडवी-उभी. आपल्याकडे भोकं गोल असतात, बोर्ड कोणत्याही कंपनीचा घ्या. चौकोनी पिनांचा सॉकेट विलायतेत असतो. मी तो फोटो बाजारात, बांधावर, जेवताना, इतक्यांदा उघडला की बायको वैतागली, आणि एकदाही भिंतीकडे बघितलं नाही. वेल्डिंगच बघत बसलो. फोटो भावकीत फिरवला, तिथंही कोणाला दिसलं नाही, त्यात एक तर इलेक्ट्रिशियन आहे. म्हणून मला एकट्याला आंधळा म्हणू नका.

पुण्याचा भाचा आला, त्यानं तोच फोटो मोबाइलवर टाकून शोधला. पाणी प्यायला उठलो तेवढ्यात निकाल हातात. इंग्लंडातल्या कोण्या हौशी माणसाच्या गॅरेजातली ती चासी होती आणि फोटो कित्येक वर्षांपूर्वीचा. कामाचे फोटो नुसते मागू नका. आजचं वर्तमानपत्र आणि तुमचा चासी नंबर एकाच फोटोत मागा, नाहीतर व्हिडिओ कॉल करा.

मधे मी जाऊन बघितलं नाही असं नाही. गेलो की गाडी ताडपत्रीखाली. "प्रायमर ओला आहे, धूळ बसेल." दाखवायला नेहमी बॉनेट पुढं. हेराल्डचं बॉनेट मडगार्डासकट एक अखंड असतं आणि पुढच्या बाजूला उलटतं. ते उघडं टाकलेलं दिसलं की बघणाऱ्याला वाटतं बरंच काम झालंय. ते त्यानं बरोबर हेरलं होतं.

शेवटी गावच्या वेल्डरला आणि टेम्पोला घेऊन गेलो. "शेठ बाहेर आहेत" म्हणत पोरगं आडवं आलं, आम्ही ताडपत्री ओढलीच. छप्पर ग्राइंडरनं कापलेलं. ज्याला हेराल्ड कळते तो हे करूच शकत नाही, कारण हिचं छप्पर बोल्टवर बसतं, स्पॅनर लावला की निघतं. चासी होती तेवढीच लांब, साडेआठ इंच सोडा, एक सूत हललं नव्हतं. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही. वेल्डरनं खिशातून चुंबक काढून दाराला लावलं, ते खाली पडलं. मग त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं तळाचा पत्रा खरवडला. बोटभर पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली पत्र्याच्या जागी फ्लेक्सचा तुकडा. कोणाच्या तरी वाढदिवसाचा. 'हार्दिक शुभे' एवढं स्वच्छ वाचता येत होतं. खिशात चुंबक ठेवा. दहा रुपयांना मिळतं.

गाडी टेम्पोत घालून आणली, त्याचे 9,500 वेगळे. ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

आता कायद्याचं राज्य बघा. आमच्या गावच्या ठाण्यात गेलो तर म्हणाले, गुन्हा घडला तिकडे, तिकडच्या हद्दीत जा. तिकडे गेलो तर म्हणाले, पैसे तुम्ही तुमच्या गावातून पाठवले, तिकडे जा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची. हे मी हवालदाराला सांगितलं तर म्हणाला, "वकील आहात का?" मी चारशेवीस म्हटलं तर हसला, "काका, चारशेवीस बंद झालं." बंद नाही झालं, नंबर बदलला, न्याय संहितेत आता 318 आहे, फसवणूक तीच आहे! मग त्यांचं आवडतं वाक्य आलं: हे दिवाणी आहे. चावी तुम्हीच दिली ना? पैसे तुम्हीच दिले ना? अहो, फसवणुकीत माणूस स्वतःच देतो, हिसकावून नेलं असतं तर जबरी चोरी म्हणालो असतो. साहेब कधी बंदोबस्ताला, कधी मीटिंगला, कधी नुकतेच निघालेले. एका ठिकाणी अर्ज ठेवून घेतला आणि पोहोच द्यायला नकार दिला. शिक्का ऑफिसात आहे म्हणे. आम्ही उभे कुठं होतो मग? त्याच ठाण्यात एकानं गाडीचे जुने फोटो बघून विचारलं, "भारी आहे, विकायची आहे का?" मी काय बोललो ते लिहीत नाही. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि पोहोच मिळाल्याशिवाय खुर्ची सोडू नका. दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, तेही त्याच 173 मध्ये आहे, आणि पुढं मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. मी अधीक्षकांना पाठवलं. तिकडून अर्ज 'पुढील कार्यवाहीस्तव' परत त्याच ठाण्याला आला, ज्याच्याविरुद्ध मी रडत होतो.

आरटीओत तर वेगळीच चपराक. जाऊन सांगितलं, इंजिन चोरीला गेलंय, आरसीवर नंबर आहे, नोंद घ्या. बाबू म्हणाला, एफआयआर आणा. ठाण्यात म्हणाले, आरटीओचं पत्र आणा. वर त्या बाबूनं मलाच दम भरला की परवानगी नसताना गाडी कापलीच कशी, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बघा, बनावटीत बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये तेच सांगितलंय. आणि मग सहज, चहाचा घोट घेत म्हणाला, "तशीच ठेवली असती तर व्हिंटेजमध्ये बसली असती." 2021 पासून केंद्राचे नियम आहेत: पन्नास वर्षांवरची गाडी, चासी, बॉडी, इंजिन मूळचं असेल तर 20,000 रुपये फी भरून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. मामांची गाडी पुरेपूर बसत होती. हे सांगायचं काम कोणाचं? "आरटीओचं मी बघतो, आपला माणूस आहे तिथं" म्हणणाऱ्याचं! मी शेती करतो, राजपत्र वाचत नाही. जुनी गाडी कापायला देण्याआधी आरटीओत तोंडी नाही, लेखी विचारा.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बाई नीट बोलल्या, तक्रार घेतली. गॅरेजवाल्यानं उत्तरच दिलं नाही, म्हणून तक्रार बंद झाली. आता जिल्हा ग्राहक आयोगात केस आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, गॅरेजवाल्याच्या दारात जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, "आज देतो उद्या देतो" ऐकत ती घालवू नका. पहिल्या तारखेला तो आला नाही. दुसऱ्या तारखेला वकील पाठवला, तो म्हणतो की त्याचा अशील फक्त 'पार्किंगला जागा' देत होता. रोख दिलेल्या 75,000 वर बोंब आहे, वहीच्या पानावर सही त्याची नाही म्हणतात. बँकेतले 4,23,500 मात्र दिसतायत, मेहुण्याच्या नावावर का होईना.

मामींनी एकदाच विचारलं, "काबरं दिले रे इतके पैसे?" दिले, कारण काम होतंय असं दिसत होतं. अजून काय सांगू?

चौकशी करताना कळलं की मी एकटा नाही. एकाची जुनी फियाट आणि एकाची जीप त्याच्याकडे आहे, आणि दोघांनाही 'तुमचीच' म्हणून कोणाच्या तरी भलत्याच गाडीचे फोटो गेलेत. दोघंही तक्रार द्यायला तयार नाहीत, एकाला अब्रूची काळजी आणि दुसऱ्याला अजून गाडी मिळेल असं वाटतं. मिळणार नाही भाऊ. चौकोनी सॉकेटचा फोटो तुम्हालाही आला असेल तर तो पुसू नका. पैसे पाठवल्याचं बँक स्टेटमेंट आणि त्याचे मेसेज घेऊन या. तीन अर्ज एका दिवशी, एकाच टेबलावर ठेवू, मग दिवाणी म्हणून दाखवा म्हणावं.