आठ महिने डेक वापरल्यावर: एक्स्टेंडचा अनुभव

पायथनमधला डेक (deque, दोन्ही टोकांना घटक घालता-काढता येणारी रांग) गेले आठ महिने रोज वापरतोय. काम साधंच आहे: फाइलमधून गठ्ठ्यागठ्ठ्याने नोंदी येतात, त्या रांगेच्या शेवटी लावायच्या आणि पुढून एकेक उचलायची. आधी हेच लिस्टवर चालायचं. पण लिस्टमधला पहिला घटक काढला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात, आणि रांग लाखावर गेली की ते चांगलंच जाणवतं. डेकमध्ये दोन्ही टोकांना घालायला-काढायला लागणारा वेळ रांगेच्या लांबीवर अवलंबून नसतो. या एका गोष्टीसाठी मी डेकवर खूश आहे.

गठ्ठा लावायला मी एक्स्टेंड वापरतो. एकच घटक जोडणाऱ्या अपेंडला यादी दिली तर अख्खी यादी एकच घटक म्हणून बसते. एक्स्टेंड ती उलगडून घटक एकामागून एक जोडतो. हे 'एकामागून एक' नीट डोक्यात बसायला मला दोन महिने लागले.

पहिला फटका स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा. एक्स्टेंडला चुकून नुसता 'पूर्ण' हा शब्द दिला, तर रांगेत पाच घटक आले: प, दीर्घ उकार, र, हलंत आणि ण. शब्द चौकटी कंसात घातला, म्हणजे एका घटकाची यादी केली, की प्रश्न मिटतो.

दुसरा फटका मोठा होता. जनरेटर (मागेल तसा एकेक घटक तयार करून देणारा कोड) ओळी वाचून त्यांचे आकडे करत होता आणि तो थेट एक्स्टेंडला दिला होता. २१२व्या ओळीत आकड्याऐवजी रिकामी जागा निघाली, एरर आली आणि काम थांबलं. मला वाटलं, एरर आली म्हणजे काहीच जोडलं गेलं नसेल. पण आधीचे २११ घटक रांगेत तसेच होते. ओळ दुरुस्त करून पुन्हा चालवलं तेव्हा ते दुसऱ्यांदा आले, आणि दुबार नोंदी शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. आता आधी लिस्ट पूर्ण बनवतो आणि मगच एक्स्टेंड करतो. मेमरी थोडी जास्त लागते, पण गठ्ठ्यात चूक असेल तर रांगेला धक्का लागत नाही. नव्याने डेक वापरणाऱ्याला मी हे सगळ्यात आधी सांगेन.

मॅक्सलेन, म्हणजे डेकच्या लांबीवरची कमाल मर्यादा, लॉगसाठी फार आवडलं. मर्यादा २०० ठेवून २५० ओळी एक्स्टेंड केल्या की शेवटच्या २०० उरतात. बाकीच्या गेल्याची कुठलीही सूचना मिळत नाही, म्हणून कामाच्या रांगेला मी मॅक्सलेन कधीच लावत नाही.

फसलेला गठ्ठा पुढच्या टोकाला परत ठेवायचा तर एक्स्टेंडलेफ्ट आहे, पण त्यात क्रम उलटतो: १, २, ३ दिले की पुढून ३, २, १ दिसतात. त्यामुळे गठ्ठा आधी रिव्हर्स्ड करून देतो.

खटकतं ते स्लाइसचं, म्हणजे रांगेतला सलग तुकडा घेण्याचं. डेकवर ते चालतच नाही, इटरटूल्समधला आयस्लाइस घ्यावा लागतो. शिवाय लांब रांगेत मधला घटक क्रमांकाने काढणं हळू आहे. तसं काम वारंवार असेल तिथे मी अजूनही लिस्टच घेतो.