दंड की खटला: सागरी कायद्याच्या सरकारी वकिलापुढील दोन मार्ग
महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 खालील प्रकरण मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यापुढे चालते. पावसाळी बंदीत ससून डॉकला मासळी उतरवणाऱ्या नौकेचा परवाना, जाळे आणि पंचनामा यांचा मेळ बसला, तर दंडाचा आदेश तुलनेने लवकर मिळतो. व्हेल शार्क मात्र 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, त्यामुळे तिच्या शिकारीचा गुन्हा फौजदारी न्यायालयात संशयातीत सिद्ध करावा लागतो, आणि तसा तो झाल्यास किमान 3 वर्षांची कैद होते. जाणूनबुजून केलेल्या शिकारीसाठी मला खटलाच योग्य वाटतो. परंतु जाळ्यात चुकून अडकलेला जीव सोडून देणाऱ्या कोळी बांधवाला आरोपी करणे अन्यायाचे आहे, कारण उद्या समुद्रातली पहिली खबर तोच देणार असतो.