नेपाळी रुपया आणि न्गुल्ट्रम: जुने विनिमय दर दाखवणारं ॲप आठ महिने वापरल्यावर

बाबा १९९० पासून पुण्याहून नेपाळच्या सहली नेत, पुढे भूतानच्याही. प्रत्येक सहलीची वेगळी लाल किर्द. गेल्या पावसाळ्यात त्या सगळ्या संगणकावर चढवायला घेतल्या आणि पहिल्याच आठवड्यात अडलो. काठमांडूहून विमानाने भूतानमधल्या पारोला गेलेल्या सहलींचा अर्धा खर्च नेपाळी रुपयांत, अर्धा न्गुल्ट्रममध्ये, म्हणजे भूतानच्या चलनात, आणि एकूण बेरीज कुठेच नाही. म्हणून जुने दर दाखवणाऱ्या एका ॲपची वर्षाची वर्गणी भरली.

तारीख टाकली की दर लगेच येतो, एका वेळी शंभर तारखांचा तक्ता उतरवून घेता येतो, आणि नेट नसतानाही चालतं. याबाबतीत तक्रार नाही. तक्रार आहे ती आकड्यांची.

या जोडीचा आलेख ॲपमध्ये सतत हलताना दिसतो. एका न्गुल्ट्रमला कधी १.५८ नेपाळी रुपये, कधी १.६२. मी ते खरं धरून चाळीसेक नोंदी त्या त्या दिवसाच्या दराने भरल्या. बाबांनी एक पान तपासलं आणि विचारलं, "हा एक अठ्ठावन्न कुठून आणलास? त्र्याण्णवनंतर शंभर आयसीला एकशेसाठ, दुसरा आकडा मी कधी लिहिलेलाच नाही." आयसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. काठमांडूच्या दुकानात भाव विचारला की आधी हेच विचारतात: आयसी की एनसी?

बाबांचं बरोबर होतं. १२ फेब्रुवारी १९९३ पासून नेपाळने शंभर भारतीय रुपयांचा दर १६० नेपाळी रुपयांवर बांधून ठेवला आहे. भूतानचं न्गुल्ट्रम १९७४ मध्ये आलं ते भारतीय रुपयाच्या बरोबरीनेच. म्हणजे ही दोन छोटी चलनं एकमेकांना थेट बांधलेली नाहीत, पण दोघांचा खुंटा एकच, आणि म्हणून एका न्गुल्ट्रमला १.६० नेपाळी रुपये हे १९९३ पासून कायम. ऑगस्ट २०१३ मध्ये आपला रुपया डॉलरला ६८ च्या पार घसरला तेव्हा न्गुल्ट्रमही तेवढंच घसरलं, आणि नेपाळमध्ये डॉलर शंभरीच्या वर गेला. डॉलरसमोर तिघांची पडझड झाली, आपापसात मात्र पैशाचाही फरक पडला नाही. ॲप दोन्ही चलनं आधी डॉलरमध्ये मोजतं, मग भागाकार करतं. एकाचा डॉलरचा दर सकाळचा आणि दुसऱ्याचा संध्याकाळचा असला की न झालेला चढउतार आलेखात उमटतो. नेपाळमध्ये वर्षानुवर्षं सुट्टी शनिवारची, रविवार कामाचा, त्यामुळे शनिवार-रविवारचे आकडे तर जास्तच बिघडलेले.

आता उलटी चूक. हे कळल्यावर मी सगळीकडे सरसकट १.६० लावलं, आणि १९९२ ची किर्द जुळेना. तिथे ८,००० नेपाळी रुपयांचा एक मोठा खर्च आहे. १.६० ने त्याचे ५,००० न्गुल्ट्रम होतात, पण जुलै १९९१ पासून दर १६५ चा होता, त्या हिशेबाने ४,८४८. तुटीचं कोडं तिथेच सुटलं.

या दराचा त्याआधीचा इतिहास तर फारच उलथापालथीचा आहे आणि ॲपमध्ये त्याचा मागमूस नाही. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं, नेपाळने लगेच केलं नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शंभर भारतीय रुपयांना १६० मोजावे लागत, ते एकदम १०१ वर आले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६७ मध्ये, नेपाळने आपलंही चलन उतरवलं आणि दर १३५ झाला. १९७८ मध्ये १४५. हे पायरीपायरीने बदललेले दर आहेत. प्रत्येक पायरीची तारीख दिली की पुरे, रोजच्या आलेखाची गरजच नाही.

१९७४ च्या आधीचे न्गुल्ट्रमचे दरही ॲप बेधडक देतं. तेव्हा हे चलनच नव्हतं. भूतानमध्ये भारतीय रुपया चालायचा, आणि आजही चालतो.

एक गोष्ट कोणत्याच तक्त्यात मिळणार नाही, पण बाबांच्या किर्दींत आहे. भूतानच्या सीमेवरच्या फुंटशोलिंगच्या वेशीला लागून आपल्या बाजूला जयगाव आहे. उरलेले न्गुल्ट्रम तिथे बदलताना शेकड्यामागे थोडी कटौती जायची, आणि बाबा ती वेगळ्या रकान्यात लिहीत. कागदावर बरोबरी, हातात थोडं कमी. २०१२ मध्ये भूतानला भारतीय रुपयांची टंचाई पडली, त्या वर्षीच्या सहलीत हा रकाना सगळ्यात मोठा आहे.

डॉलर, युरो, येन यांच्या जुन्या दरांसाठी ॲप घ्या, मी त्यासाठी वापरतो आणि वापरत राहीन. एकाच खुंट्याला बांधलेल्या अशा जोड्यांसाठी घेऊ नका. नेपाळ राष्ट्र बँकेच्या रोजच्या यादीत भारतीय रुपयाची ओळ बघा: खरेदी १६०.००, विक्री १६०.१५. फक्त ती ओळ शंभर रुपयांची असते आणि येनची दहाची, हे विसरलात तर हिशेब शंभरपट किंवा दहापट चुकेल. ॲपवाल्यांना मी पायऱ्यांच्या तारखा लिहून पाठवल्या आहेत. भरलेल्या चाळीस नोंदींपैकी एकतीस सुधारून झाल्या, उरलेल्या नऊ बाबांसोबत बसून या रविवारी.