बाल्कनीतील ठिबक संच : दहा महिन्यांच्या वापरानंतर

खारघरच्या आमच्या पश्चिमेकडील बाल्कनीत गेल्या जूनमध्ये बारा कुंड्यांसाठी टायमरवाला ठिबक संच बसवला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टायमर बंद पडला. उघडून पाहिले तर सेलच्या कप्प्यात हिरवट गंज चढलेला होता. सेवा केंद्राने सांगितले, “मॅडम, आत पाणी गेलं असेल तर ते वॉरंटीत बसत नाही.” नळाला जोडण्यासाठीच विकलेल्या वस्तूला पाण्यापासून संरक्षण नसावे, हे मला अजूनही पटलेले नाही. नवा टायमर ११५० रुपयांचा आहे आणि तो मी घेतलेला नाही.

त्या रागात हा संच घेऊच नका, असे लिहायला बसले होते. मात्र टायमर बंद असताना बारा दिवस हाताने पाणी घालावे लागले आणि त्यात संचातील खरा दोष लक्षात आला. कोणत्या झाडाला किती पाणी लागते हे कळावे म्हणून जास्वंदीच्या कुंडीतील माती प्लास्टिकच्या पिशवीने झाकून पिशवी खोडाशी घट्ट बांधली, म्हणजे जे वजन घटेल ते पानांतून गेलेल्या पाण्याचेच असेल. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स यांनी १७२४ मध्ये सूर्यफुलाची कुंडी शिशाच्या पत्र्याने झाकून सकाळ-संध्याकाळ तोलली होती, तीच ही रीत. सकाळी सातला कुंडी काट्यावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा तोलली, तेव्हा ५४० ग्रॅम कमी भरले. शेजारच्या स्नेक प्लांटचे वजन तेवढ्याच वेळात जेमतेम १५ ग्रॅमने घटले होते.

संचातील सर्व ड्रीपर मात्र तासाला २ लिटरचे आहेत आणि टायमर दहा मिनिटांपेक्षा कमी लावता येत नाही. म्हणजे प्रत्येक कुंडीला रोज सुमारे ३३० मिलिलिटर पाणी मिळत होते. जास्वंद दहा महिने अर्धपोटी राहिली, तर स्नेक प्लांटच्या मुळांशी पाणी साचत गेले. ऑगस्टमध्ये दोन स्नेक प्लांट कुजले, तेव्हा मी पावसाला दोष दिला होता. तो आता मागे घेते.

मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक पाणी पानांवरील पर्णरंध्रांतून वाफ होऊन निघून जाते. कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी ही रंध्रे उघडावीच लागतात आणि त्याच वाटेने पाणी बाहेर पडते. माती सुकू लागली की मुळांकडून आलेल्या रासायनिक संदेशामुळे रंध्रांच्या कडेच्या रक्षक पेशी सैल पडतात आणि रंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण अन्ननिर्मितीही मंदावते. स्नेक प्लांट आणि कोरफड यांची रंध्रे प्रामुख्याने रात्री, हवा गार असताना उघडतात आणि त्या वेळी घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवून दिवसा वापरला जातो. कण्हेरीचे पान उलटे करून भिंगातून पाहिले तर बारीक ठिपके दिसतात. ते लव असलेले खळगे असून रंध्रे त्यांच्या आत असतात, त्यामुळे वाऱ्याचा झोत थेट त्यांच्यावर येत नाही. माझी कण्हेर त्याच ३३० मिलिलिटरवर तरतरीत राहिली.

मार्चमध्ये जास्वंद दुपारी मान टाकत असे, तेव्हा ड्रीपर तुंबले असतील म्हणून मी ते दोनदा व्हिनेगरमध्ये बुडवून साफ केले. वास्तविक ते स्वच्छच होते. मार्चमध्ये समुद्राकडचा वारा उशिरा सुटला की पूर्वेकडून कोरडी, तापलेली हवा येत राहते आणि अशी हवा पानांतून मे महिन्यातील दमट हवेपेक्षा अधिक पाणी ओढून घेते. उलट जुलैत हवा इतकी ओली असते की पानांतून फारसे काही जातच नाही, तरी टायमर तेवढेच पाणी सोडत होता.

नळ्या आणि जोडण्या चांगल्या आहेत, दहा महिन्यांत एकही गळलेली नाही. गणपतीत आठ दिवस गावी होतो, तेव्हा याच संचाने झाडे जगवली, हेही नोंदवले पाहिजे. आता पनवेलच्या शेती साहित्याच्या दुकानातून ४ लिटरचा ड्रीपर आणून जास्वंदीला लावला आहे, उरलेल्या स्नेक प्लांटच्या आणि कोरफडीच्या नळ्यांना बुचे मारली आहेत आणि त्यांना दहा-बारा दिवसांनी हाताने पाणी घालते. या सगळ्याला पन्नास रुपयेही लागले नाहीत. सकाळी सातला नळ मीच सोडते आणि दहा मिनिटांनी बंद करते. पुढच्या गणपतीपूर्वी टायमर घ्यावाच लागेल, पण तो दुसऱ्या कंपनीचा आणि सेलचा कप्पा झाकलेला असा बघून घेईन.